दहा हजार पावले आणि सात नंबरचा बूट

नवी चप्पल चावते, हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मग आई पट्ट्याला खोबरेल तेल लावते, आजी टाचेला कापूस लावायला सांगते, आणि आठ-दहा दिवस कुरकुर करून पायाचे व चपलेचे एकदाचे जमते. या आठ-दहा दिवसांत पाय चपलेची परीक्षा घेत असतो, हे मात्र माझ्या कधी लक्षात आले नव्हते. ते लक्षात यायला माझ्या वडिलांच्या उजव्या टाचेला जखम व्हावी लागली. ज्या दोन वस्तूंमुळे ती झाली त्या दोन्ही मीच हौसेने घरात आणल्या होत्या. एक, पावले मोजणारे मनगटी घड्याळ. आणि दुसरी, पळायचे सात नंबरचे बूट.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीबरोबर संपला. तरीही या प्रकरणानंतर डॉक्टरांना विचारून, वाचनालयात बसून आणि थोडेफार स्वतःवरच प्रयोग करून मला जे समजले ते येथे मांडत आहे. ज्यांच्या घरी मधुमेहाचे माणूस आहे त्यांनी तरी ते वाचावे. आपल्या एखाद्या वर्गात अशांना हात वर करायला सांगितले, तर बरेच हात वर होतील अशी माझी समजूत आहे.

आम्ही माणिकपूरला राहतो. बाबा मुंबईत लोअर परळला एका खाजगी कंपनीत स्टोअरकीपर आहेत. सकाळी वसई रोड स्टेशन गाठायचे, रात्री परतायचे, असे त्यांचे सत्तावीस वर्षे चालले आहे. मधुमेह चौदा वर्षांचा. डॉक्टर दर खेपेला सांगायचे, "चालत जा." बाबा दर खेपेला म्हणायचे, "चालतोच की, स्टेशनपर्यंत." गेल्या वर्षी शिकवण्यांचे थोडे पैसे माझ्या गाठीला जमले होते. दिवाळीच्या पाडव्याला मी बाबांना ते घड्याळ आणि बूट दिले.

"अगं, मला घड्याळ आहे की," बाबा म्हणाले. पण घड्याळ पावले मोजते, रात्री झोपेचा हिशेब ठेवते आणि ठरलेला आकडा पुरा झाला की मनगटावर थरथरून शाबासकी देते, हे समजल्यावर त्यांचे डोळे चमकले. स्टोअरकीपरच ते! मोजदाद म्हटली की त्यांना हुरूप येतो.

बाबांना देण्याआधी चार दिवस ते घड्याळ मी स्वतःच्या हाताला बांधून पाहिले होते. अंबाडी रोडवर मनातल्या मनात मोजत हजार पावले चालले; घड्याळाने १,०१२ दाखवली. मला कौतुक वाटले. दुसऱ्या दिवशी घड्याळाच्या हातात भाजीची पिशवी होती. पुन्हा हजार पावले मोजली. घड्याळाच्या मते ती साडेआठशेच्या आसपास भरली. विरार लोकलमध्ये कडी धरून अंधेरीपर्यंत उभी राहिले, तर जागचे न हलता चाळीसएक पावले जमा झाली. सर्वांत मजा स्वयंपाकघरात आली. आईने घड्याळ बांधून भाकऱ्या थापल्या आणि परातीसमोर बसल्याबसल्या ती तीनशेच्या वर पावले चालली! "म्हणजे मी जन्मभर चालतेच आहे म्हणायची," आई म्हणाली, आणि तिने घड्याळ काढून ठेवले.

असे का होते? घड्याळाला पाय दिसत नाहीत, हे याचे साधे उत्तर. त्याच्या पोटात तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा सिलिकॉनचा एक भाग असतो. त्यात एक सूक्ष्म वजन बारीक पट्ट्यांवर तोलून धरलेले असते आणि त्याला कंगव्यासारखे दात असतात. त्या दातांच्या मधोमध दुसऱ्या, स्थिर कंगव्याचे दात. आपण हात हलवला की वजन किंचित मागे राहते. लोकल सुटताना उभे प्रवासी मागे झुकतात तसेच. दातांमधले अंतर बदलते, त्याबरोबर त्यांच्यात साठणारी वीज बदलते आणि हा बदल यंत्र सेकंदाला कित्येक वेळा टिपते. वर-खाली, पुढे-मागे आणि आडव्या अशा तिन्ही दिशांची ही नोंद एकत्र केली की एक नागमोडी रेघ तयार होते. चालताना त्या रेघेवर ठराविक तालाने उंचवटे येतात. ताल जुळला आणि उंचवटा पुरेसा उंच असला की घड्याळ म्हणते, हे पाऊल. एखाददुसऱ्या हिसक्याने फसू नये म्हणून बहुतेक घड्याळे आधी काही सलग पावले पडू देतात आणि मगच मोजणी सुरू करतात.

म्हणजे मोजला जातो तो हाताचा ताल. भाकरी थापताना तो असतो, म्हणून पाऊल नसून मोजले जाते. पिशवीने जड झालेला हात झुलत नाही, म्हणून पाऊल असून मोजले जात नाही. दोन्ही हातांत पाण्याच्या कळशा घेऊन तीन जिने चढणाऱ्या बाईला हे यंत्र बहुधा बसलेली समजेल. हे सांगून मी यंत्राला नावे ठेवत नाही. रोजच्या चालण्याचा अंदाज घ्यायला ते पुष्कळ उपयोगी आहे. ते काय मोजते आणि काय मोजत नाही एवढे ठाऊक असले म्हणजे झाले. मला ते चार दिवसांत ठाऊक झाले होते, परंतु बाबांना सांगायचे मात्र राहून गेले.

आता दहा हजार या आकड्याकडे वळू. घड्याळ आले तेव्हाच त्यात हे लक्ष्य भरलेले होते. मला वाटले, कुठल्या तरी मोठ्या वैद्यकीय संस्थेने खूप संशोधन करून ते ठरवले असणार. प्रत्यक्षात त्याचा उगम एका जपानी विक्रीच्या मालात आहे. १९६४ मध्ये टोकियोला ऑलिम्पिक सामने झाले आणि जपानात व्यायामाची लाट आली. पुढच्या वर्षी, १९६५ मध्ये, यामासा या घड्याळ बनवणाऱ्या कंपनीने कमरेला अडकवायचे पावले मोजण्याचे एक यंत्र बाजारात आणले आणि त्याला नाव दिले 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. जपानी भाषेत दहा हजारासाठी 'मान' हा एकच शब्द आहे. आपल्याकडे 'लाख' जसा तोंडात बसलेला, तसा तो तिकडे. आकडा भरघोस होता, लक्षात राहायला सोपा होता, आणि साठ वर्षांनंतर माणिकपूरच्या एका घरात तो येऊन बसला.

शास्त्रीय तपासणी पुष्कळ उशिरा झाली. २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६,७४१ वृद्ध स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे सरासरी वय ७२ होते. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० चालणाऱ्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्के कमी आढळले. पुढे पावलांबरोबर लाभ वाढत गेला, पण साडेसात हजारांच्या आसपास तो थांबल्यासारखा दिसला. २०२५ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात अनेक अभ्यास एकत्र करून एक आढावा आला. त्यातही सात हजारांच्या आसपासच बहुतेक लाभ पदरात पडतो असे दिसले. थोडक्यात, जो काहीच चालत नाही त्याने दोन हजार पावले वाढवली तर मोठी कमाई. आठाचे दहा हजार करणाऱ्याची कमाई त्या मानाने किरकोळ.

पण हे बाबांना कोण सांगणार? घड्याळाने तर सांगितले नाही. पहिल्या रविवारी ते सकाळी बाभोळ्याच्या बाजूला फिरून आले, दुपारी बाजारात गेले, आणि जेवणाच्या वेळी आकडा ७,९०० वर होता. जेवण झाल्यावर ते पुन्हा बूट चढवून खाली उतरले. इमारतीभोवती फेऱ्या मारताना मी त्यांना गॅलरीतून पाहत होते. दर फेरीला ते मनगट दिव्याखाली धरायचे. शेवटी घड्याळ थरथरले असावे, कारण त्यांनी वर पाहून मला हात केला. मलाही आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे.

(आपल्या अर्थशास्त्राच्या तासाला चार्ल्स गुडहार्ट यांचे नाव येते. १९७५ मध्ये त्यांनी चलनविषयक धोरणाबद्दल एक निरीक्षण मांडले. एखादे मोजमापच उद्दिष्ट होऊन बसले की ते चांगले मोजमाप राहत नाही, अशा सोप्या रूपात ते पुढे प्रसिद्ध झाले. परीक्षेत मी यावर दहा गुणांचे उत्तर लिहिले होते. गॅलरीत उभी असताना मात्र ते आठवले नाही.)

आता बूट. आम्ही ते भर दुपारी, सुट्टीच्या दिवशी घेतले. दुकानदाराने विचारले, "नंबर काय?" बाबा म्हणाले, "आठ घालतो, पण दाखवा." आठ नंबर पायात घालून ते दोन पावले चालले आणि म्हणाले, "सैल वाटतो." मग सात नंबर घातला. "हा बघ, कसा घट्ट धरतो पायाला!" दुकानदार खूश, मी खूश. पायाला बूट नीट लागतो की नाही हे ज्याचे त्यालाच कळणार, यात शंका घ्यायला काय जागा होती?

हा नंबर म्हणजे तरी काय? ही पद्धत इंग्रजांची. तिचे मूळ जवाच्या दाण्यात आहे. तीन जव लांबीत एकापुढे एक ठेवले की एक इंच, असे त्यांच्याकडचे जुने कोष्टक. बुटाचा एक नंबर म्हणजे एक जव, अर्थात इंचाचा तिसरा भाग, साधारण साडेआठ मिलिमीटर. मोजणी लहान मुलांच्या मापापासून, चार इंचांवर सुरू होते. तेरा नंबर झाले की पुन्हा एकपासून मोठ्यांचे नंबर लागतात. त्या हिशेबाने मोठ्यांचा आठ नंबर म्हणजे तेहतीस जव, बरोबर अकरा इंच. ही लांबी पायाची नसते. ज्या साच्यावर बूट बेततात त्या फर्म्याची ती असते, आणि पाय त्याहून दीडएक सेंटिमीटर आखूड असावा लागतो. आपल्याकडेही जवाचे माप होतेच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ यव म्हणजे एक अंगुल असे कोष्टक आहे. फरक एवढाच की इंग्रजांनी दाणा उभा ठेवला आणि आपण आडवा, त्याच्या मधल्या जाडीचा.

मला यात महत्त्वाचे वाटले ते दुसरेच. नंबर लांबीचा आहे. रुंदीबद्दल तो काहीच बोलत नाही. आणि गोम तेथेच आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांचे पाय मोजले. यंत्राने पायाची सर्व बाजूंनी प्रतिमा घेऊन हे मोजमाप झाले. त्यात असे दिसले की युरोपीय व अमेरिकी पायांपेक्षा भारतीय पाय रुंद असतो. परक्या साच्यावर बेतलेला बूट रुंदीत आवळतो, म्हणून पुष्कळजण लांबीने मोठा घेतात आणि मग तो टाचेत सैल पडतो. या मोजणीवरून भारतीय मापांची 'भा' नावाची स्वतंत्र पद्धत सुचवण्यात आली. आजोबा नेहमी म्हणायचे की आपले पाय वहाणेत वाढलेले, बुटात मावत नाहीत. त्यांना आपण दुर्लक्ष करण्यासारखे म्हातारे समजत होतो.

पाचव्या दिवसाची गोष्ट. बुधवार होता. बाबा कामावरून आले, बूट काढले, आणि आईची नजर मोज्यावर गेली.

"अहो, पायाला काय झालंय?"

"कुठे काय? काही नाही."

"काही नाही काय? हे रक्त कसलं मग?"

उजवा मोजा टाचेला चिकटला होता. कोमट पाणी सोडून तो हळूहळू सोडवला, तर आत रुपयाएवढी कातडी निघालेली, आणि कडेचा भाग पांढरट झालेला. बाबा आमच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांना खरोखरच काही दुखत नव्हते. मला ज्या गोष्टीची भीती वाटली ती जखम नव्हती. ती ही, की त्या पायाने ते दिवसभरात ११,३०० पावले चालून आले होते आणि घड्याळाने त्यांना त्याबद्दल शाबासकी दिली होती.

आमच्या डॉक्टरांनी जखम स्वच्छ करून पट्टी बांधली आणि मग एक साधी तपासणी केली. दाताच्या ब्रशच्या केसासारखा, पण लांब आणि जाड असा नायलॉनचा एक तंतू असतो. तो कातडीवर टेकवून दाबला की दहा ग्रॅमचा भार पडताच वाकतो. बाबांना डोळे मिटायला सांगितले. तळव्यावर आणि बोटांवर दहा ठिकाणी तंतू टेकवायचा आणि लागला की त्यांनी "हो" म्हणायचे. बाबा चार वेळा "हो" म्हणाले. त्यातल्या एका वेळी तंतू लावलेलाच नव्हता.

वर्षानुवर्षे रक्तात साखर जास्त राहिली की मज्जातंतू हळूहळू निकामी होतात, आणि सर्वांत लांबचे तंतू आधी जातात. म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो. हे इतके सावकाश घडते की माणसाला त्याचा पत्ता नसतो. मागे वळून पाहता आम्हाला मिळालेल्या दोन सूचना आठवल्या. आदल्या पावसाळ्यात स्टेशनच्या जिन्यावर बाबांच्या एका पायातली चप्पल गळून पडली होती. ते तसेच चार पायऱ्या पुढे गेले. मागच्या माणसाने हाक मारली तेव्हा त्यांना कळले. रात्री जेवताना ही गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली, आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. दुसरी सूचना बुटाच्या दुकानातली. पायाची जाणीव कमी झालेल्या माणसाला बरोबर मापाचा जोडा सैल वाटतो, कारण त्याचा स्पर्शच पोचत नाही. आवळणारा जोडा थोडाफार जाणवतो, म्हणून तोच नीट बसला असे वाटते. डॉक्टर म्हणाले, हे त्यांनी कितीदा तरी पाहिले आहे.

याबाबत ज्यांनी सर्वांत मूलभूत काम केले त्या डॉ. पॉल ब्रँड यांच्याविषयी मी वाचले. त्यांचा जन्म १९१४ चा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला. १९४६ पासून ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात होते. त्या काळी महारोग्यांचे हातपाय रोगामुळे आपोआप सडतात अशी सार्वत्रिक समजूत होती. ब्रँड यांनी दाखवले की मांस सडत नाही. मज्जातंतू मेल्यामुळे वेदना थांबते, आणि वेदना नसलेला माणूस नकळत स्वतःला जखमा करत राहतो. खिळा टोचला तरी तो चालतच राहतो. पुढे अमेरिकेत त्यांनी हेच ज्ञान मधुमेहाच्या रुग्णांसाठी वापरले.

त्यांचे एक म्हणणे मला फार पटले. पायाची जखम एका जोराच्या दाबाने होते असे आपल्याला वाटते. ती पुष्कळदा अगदी हलक्या दाबाने होते, पण तो दाब त्याच जागी हजारो वेळा पडावा लागतो. तुमच्या-माझ्या टाचेला बूट घासू लागला की काही शे पावलांतच आपण चाल बदलतो. पाय जरा बाहेरच्या कडेवर टाकतो, पाऊल आखूड करतो, दुसऱ्या पायावर भार घेतो. हे आपण ठरवून करत नाही. त्या जागेला विसावा मिळावा म्हणून शरीर ते आपले आपण करते. बाबांची चाल पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत एकसारखी राहिली. पाहणाऱ्याला ती चांगली, ऐटबाज वाटली असती. टाचेच्या मागची कडक कड त्याच चार-पाच मिलिमीटरमध्ये वर-खाली होत राहिली, कातडीचा वरचा थर खालच्या थरावर घासत राहिला, मध्ये पाणी भरले, फोड फुटला, आणि मोजणी पुढे चालू राहिली.

येथे कोणी विचारील की बूट तर इतका मऊ होता, मग असे कसे झाले? मलाही हा प्रश्न पडला होता. अशा बुटाचा तळ ईव्हीए नावाच्या फेसाळ पदार्थाचा असतो. त्यात हवेच्या असंख्य बंद पेशी असतात. पाऊल पडले की त्या दबतात आणि उचलले की फुगतात. त्यामुळे तळव्याचा दणका कमी होतो. पण दणका वेगळा आणि घासणे वेगळे. टाचेच्या मागच्या बाजूला तळाचा मऊपणा पोचत नाही. वेल्लोरला बधिर पायांसाठी सूक्ष्मछिद्री रबराच्या चपला रूढ झाल्या. एमसीआर या नावाने त्या आजही बनतात आणि मधुमेहाच्या रुग्णांनाही देतात. त्यात रबराची निवड जेवढी महत्त्वाची तेवढीच पट्ट्यांची जागा. पट्टा बोटांच्या मधून जाता कामा नये आणि टाचेमागे असा पट्टा हवा की चप्पल गळून पडणार नाही.

यावरून आठवले. डॉक्टरांनी बाबांची कोल्हापुरी बंद केली, तेव्हा घरात सर्वांत मोठा शोक झाला. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आणि २०२५ च्या जूनमध्ये जिच्यासारखी पायताणे इटलीत मिलानच्या मंचावर दिसल्यामुळे एवढा गदारोळ झाला, ती कोल्हापुरी. मला स्वतःला ती फार आवडते. खिळा नाही, चामड्याच्याच वादीने शिवलेली, आणि काही दिवसांत तळाला तुमच्या पायाचा ठसा उमटतो. पण हा ठसा उमटेपर्यंत ती सडकून चावते, आणि कुठे चावते ते सांगणारा पाय लागतो. आता माझी कोल्हापुरी दाराशी असते आणि बाबा तिच्याकडे पाहून उसासा टाकतात.

जखम भरायला सात आठवडे लागले. त्यातले तीन आठवडे बाबा घरी होते, आणि त्यातले दोन बिनपगारी. साखर वाढलेली असली की जखम भरायला वेळ लागतो आणि जंतूंचे फावते. अशाच एखाद्या क्षुल्लक फोडापासून सुरुवात होऊन पाय गमावलेली माणसे असतात, हे डॉक्टरांनी आम्हाला आडपडदा न ठेवता सांगितले. त्या रात्री मला झोप आली नाही. पावतीवर माझे नाव होते.

मग नवे बूट घ्यायची वेळ आली, तेव्हा आम्ही सगळे नव्याने शिकलो. संध्याकाळी, दिवसभरात पाय जेवढा फुगायचा तेवढा फुगल्यावर, बाबांना वर्तमानपत्राच्या कागदावर उभे केले आणि पेन्सिल उभी धरून दोन्ही पायांची बाह्यरेषा काढली. बसून नाही, उभे राहून. अंगाचा भार पडला की पाय पसरतो. डावा २५.५ सेंटिमीटर, उजवा २५.८. चवड्याशी रुंदी साडेदहाच्या वर. कागद कापून मी दुकानात नेला आणि बुटाच्या आतल्या सुट्या तळावर ठेवून पाहिला. जुन्या सात नंबरच्या तळावर हाच कागद ठेवला, तेव्हा करंगळीच्या बाजूने तो जवळजवळ बोटाच्या पेराएवढा बाहेर आला होता. दुकानदार आधी हसला, मग त्याने स्वतःच तीन जोड्या कागदावर लावून दाखवल्या. शेवटी घेतला तो आठ नंबर, पण रुंद साच्याचा. बाबा म्हणाले, "सैल आहे." आम्ही म्हणालो, "असू दे."

पहिल्या दिवशी तो बूट घरातच अर्धा तास. काढल्यावर पायाची पाहणी. दाबामुळे आलेली लाली थोड्या वेळात जायला हवी. वीस मिनिटांनीही ती टिकून असली तर बूट तेथे चुकतो आहे असे समजायचे. दुसऱ्या दिवशी एक तास, आणि असे करत दोन आठवड्यांनी स्टेशन. घालण्याआधी आत हात घालून चाचपायचे, कारण खडा, शिवण, दुमडलेला तळ यांतले काहीही बाबांना स्वतःहून कळणार नाही. अनवाणी चालणे बंद. देवळाच्या तापलेल्या फरशीवरही मोजे घालून. रोज रात्री नऊच्या सुमारास बाबा खुर्चीत पाय पसरून बसतात आणि आई हातातल्या आरशाने व मोबाईलच्या उजेडाने तळवे तपासते. सुरुवातीला बाबांना याचा भारी संकोच वाटायचा. आता मालिकेच्या जाहिरातींत हे काम उरकते.

घड्याळ अजून त्यांच्या हातावर आहे. त्यातला आकडा मी सहा हजारांवर आणून ठेवला आहे, आणि थरथरणे बंद केले आहे. बाबांनी त्याबद्दल थोडी कुरकुर केली. पण स्टोअरकीपरचा स्वभाव जातो कुठे! त्यांनी एक वही घातली आहे. तारीख, पावले, साखर आणि शेवटच्या रकान्यात आईने तपासलेल्या पायाचा शेरा.

ते सात नंबरचे बूट वाया जाऊ नयेत म्हणून आम्ही नालासोपाऱ्याच्या माझ्या मामेभावाला दिले. त्याचा पाय अरुंद आहे. तरी चौथ्या दिवशी त्याचा फोन आला, की आत्याच्या घरचा बूट टाचेला चावतो. फोन बाबांनी घेतला. एरवी ते अशा तक्रारी हसण्यावारी नेतात. या वेळी मात्र त्यांनी त्याला खुर्ची घेऊन बसायला सांगितले आणि नीट विचारले: नेमका कुठे चावतो, किती चालल्यावर सुरू होते, आणि कसे दुखते.